शारजाची कारलिफ्टवाली

अ‍ॅलिस डाबरे मूळची वसईची, नंदाखालची. लग्नानंतर ती शारजात आली आणि अल नहदातल्या एकाच इमारतीत राहिली. नवरा सिरिल फुजैराच्या तेल टर्मिनलवर कामाला. आठवडाभर तिकडेच राहायचा, सुट्टीला घरी यायचा. मुलगी जेनिस युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. अ‍ॅलिस स्वतः दुबईतल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होती. हॉटेलने लाँड्री बाहेर कंत्राटावर दिली आणि तिची नोकरी गेली. हातात राहिलं ड्रायव्हिंग लायसन्स आणि सात सीटची एक जुनी गाडी.

कारलिफ्ट, म्हणजे पैसे घेऊन ओळखीच्यांना आपल्या गाडीतून कामावर सोडणं, सुरू करायची असं तिने ठरवलं नव्हतं. खालच्या मजल्यावर मरियमबी राहायची. दापोलीकडची, साठीला टेकलेली, दुबईच्या देरा भागातल्या एका दवाखान्यात सफाईला. ऑगस्टमधल्या एका सकाळी अ‍ॅलिसला ती बसस्टॉपवर दिसली. ओढणी ओली करून डोक्यावर घेतली होती. बस आली ती भरलेली. दुसरी आली, तीही थांबली नाही. अ‍ॅलिसने गाडी बाजूला घेतली.

"बसा मरियमबी. कुठे सोडू?"

"मेट्रोपरत सोड गं बाय. आज लेट झाला तं अर्धा दिवस कापतील."

कामं सगळी दुबईत आणि परवडणारी भाडी शारजात, अशी ही तऱ्हा. मधला रस्ता पहाटेपासून तुंबलेला. मेट्रो शारजापर्यंत येत नाही, ती सुरू होते हद्दीपलीकडे, अल कुसैसला. साहेब लोक आपापल्या गाडीत एसी लावून जॅममध्ये बसतात आणि उशीर झाला तर मीटिंग पुढे ढकलतात. मरियमबीच्या सफाई कंपनीत मात्र मशीनवर अंगठा लावावा लागे, आणि मशीनला जॅम कळत नाही.

मरियमबीने दुसऱ्या बाईला सांगितलं, तिने तिसरीला. वर्षभरात अ‍ॅलिसच्या गाडीत रोज सहा बायका बसू लागल्या. महिन्याचे पैसे ठरले. बसपेक्षा थोडे जास्त, टॅक्सीपेक्षा खूपच कमी. परवान्याशिवाय पैसे घेऊन माणसं नेणं गुन्हा आहे, हे अ‍ॅलिसला माहीत होतं. गाडीतल्या प्रत्येकीलाही माहीत होतं.

कामावर पोहोचण्याचा हा प्रश्न जेनिसला अभ्यासातही भेटला. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांवर तिला रिपोर्ट लिहायचा होता. एका संध्याकाळी ती लॅपटॉपवरून डोकं वर काढून म्हणाली, "मम्मा, दीज पीपल हॅड जॉब्ज. सिटीने बस रूट कट केले. दे जस्ट कुडन्ट रीच."

"मग? तिकडे कारलिफ्ट नव्हती का?"

"मे बी दे हॅड. मे बी इट वॉज इल्लीगल देअर टू."

अ‍ॅलिस हसली, पण कांदा चिरताना तिचा हात थांबला होता.

रमजान लागला तेव्हा व्हॉट्सॅपवर मेसेज फिरू लागले. तपासणी वाढली आहे. पांढऱ्या गाडीत, साध्या कपड्यांतली माणसं असतात. बायकांना एकेकीला बाजूला घेऊन विचारतात. अ‍ॅलिसने गाडीत सगळ्यांना पढवलं. "आपण मैत्रिणी आहोत. एका बिल्डिंगमधल्या. पैसे? कसले पैसे? एवढंच बोलायचं."

मागून सुजाता म्हणाली, "ताई, मी सांगेन आपण कॉफी प्यायला चाललोय." सुजाता सांगलीची, एका सुपरमार्केटमध्ये कॅशवर. सगळ्यात लहान आणि सगळ्यात बोलकी.

पुढच्या सीटवर मरियमबी पिशवीची गाठ मारत होती. सगळ्या उतरल्यावर ती मागे थांबली.

"अ‍ॅलिसबाय, ईद होईपरत मला नको नेऊ."

"का? काय झालं?"

"मला इचारला तं मी खोटं नाय बोलनार. रोजा पोटाचाच नसतो, तोंडाचा पन असतो. बाकीच्या वक्ताला बोलले असते, देवाची माफी मागितली असती. आता नाय."

मरियमबीच्या नावावर आधीच दोन लेट मार्क होते. तिसरा लागला तर कंपनी कामावरून काढते, हे दोघींनाही ठाऊक होतं. इतक्या गाड्यांतून आपलीच थोडी थांबवणार आहेत, असं अ‍ॅलिसने स्वतःला समजावलं.

"उद्या रोजच्या वेळेला खाली या," ती म्हणाली. "कोणी विचारत नाही."

त्यानंतरची प्रत्येक सकाळ मात्र जड गेली. पांढरी गाडी मागे आली की अ‍ॅलिसची नजर आरशाकडे जायची. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस फोनवर बोलताना दिसला, तरी ती काच वर करायची. गाडीतल्या गप्पा आटल्या. सुजातासुद्धा खिडकीबाहेर बघत बसायची. मरियमबी हातात तसबीह घेऊन पुटपुटत असायची आणि त्या मण्यांचा बारीक आवाज अ‍ॅलिसला नको नको व्हायचा. एकदा वाटलं, सांगावं हिला, उद्यापासून बसने जा. पण दुसऱ्या दिवशी ती खाली उभी दिसली आणि अ‍ॅलिसने दार उघडलं.

अल कुसैसला, मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत ती बायकांना उतरवायची. त्या दिवशी गाडी थांबते न थांबते तोच समोर एक पांढरी गाडी आडवी आली. एक पुरुष उतरला आणि अबाया घातलेली एक बाई. गळ्यात वाहतूक खात्याची ओळखपत्रं.

"सलाम अलैकुम," बाई हिंदीत म्हणाली. "घबराने का नहीं. गाडी बंद करो, चाबी दो."

अ‍ॅलिसने किल्ली दिली.

पहिली सुजाता. अधिकारी बाई तिला भिंतीपाशी घेऊन गेली. काच अर्धी उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"कहाँ जा रहे हो?"

"कॉफी पीने, मॅडम. हम फ्रेंड हैं."

"रमजान में? सुबह सुबह? कौन सा कॅफे खुला है, मुझे भी बताओ."

सुजाताचा चेहरा पडला. बाईने तिच्या अंगावरचा सुपरमार्केटचा युनिफॉर्म पाहिला आणि लिहून घेतलं. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. सगळ्यांनी मैत्रिणी म्हणून सांगितलं. एकीला अ‍ॅलिसचं आडनाव सांगता आलं नाही. पण पैशाचं कोणी बोललं नाही. पुरुष अधिकारी घड्याळ बघू लागला. सुटतो की काय, असं अ‍ॅलिसला वाटलं. तिने मनात आवे मारियाची प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यावर विसरली.

मग मरियमबी उतरली. तिचं वय बघून अधिकारी बाई स्वतःच दोन पावलं पुढे आली.

"खाला, रोजा है आपका?"

"है."

"तो सच बताना. आप इस को पैसा देती हैं?"

मरियमबीने वळून गाडीकडे पाहिलं. अ‍ॅलिस तिच्या नजरेत बघत होती. नाही म्हण, तिला ओरडावंसं वाटत होतं, नुसती नकाराची मान हलव, बोलूही नकोस. मरियमबीचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला.

"देती हूँ. महिने का."

मरियमबीच पुढे बोलत राहिली, भराभरा, हिंदी-कोकणी एक करून. बस भरलेली येते. दोनदा लेट झालाय. हिला मी बोलले होते, मला नको नेऊ. हिने मला उन्हातून उचललं. हिला सोडा, मला काय ते करा.

अधिकारी बाईने सगळं ऐकून घेतलं. ती अ‍ॅलिसपाशी आली. आवाज चढलेला नव्हता.

"देखो सिस्टर, तुम्हारा इन्शुरन्स भाडे के पॅसेंजर को नहीं चलता. कल ॲक्सिडेंट हुआ, ये औरतें मर गईं, तो इनके बच्चों को कौन देगा? तुम?"

अ‍ॅलिसने गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. गेल्या थंडीत धुक्यात तिने करकचून ब्रेक मारला होता आणि सुजाताचं कपाळ सीटवर आपटलं होतं. सूज उतरेपर्यंत अ‍ॅलिसला रात्री झोप लागली नव्हती. ही अधिकारी बाई बरोबर बोलत होती. पण मरियमबी वेळेवर कशी पोहोचेल, हे तिनेही सांगितलं नाही.

गाडी रिकव्हरीच्या टोइंग ट्रकवर चढली. बायका पदपथावर उभ्या. सुजाता मरियमबीवर तुटून पडली.

"एक शब्द! एक शब्द खोटा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तुमचा रोजा टिकला, तिचा रोजगार गेला!"

अ‍ॅलिसने तिला थांबवलं नाही. तिच्याही ओठांवर तेच होतं. मरियमबी पिशवी छातीशी धरून उभी राहिली आणि मग एकटीच मेट्रोकडे चालायला लागली.

दंडाचा आकडा कळल्यावर सिरिलने सवयीप्रमाणे रुपयांत हिशेब करायला घेतला आणि मध्येच थांबला. गाडी सोडवून विकायची, दंड भरायचा, एवढाच मार्ग होता. तो अ‍ॅलिसला रागावला नाही. नुसता म्हणाला, "खलास. आता हे परत नाही." जेनिसने फी भरायला मुदत मागून घेतली आणि त्याबद्दल घरात चकार शब्द काढला नाही.

ईदच्या दिवशी दुपारी बेल वाजली. अ‍ॅलिसने दाराच्या भोकातून पाहिलं. मरियमबी, नव्या ओढणीत, हातात झाकलेला डबा. अ‍ॅलिस दाराला हात लावून उभी राहिली. उघडावं असं वाटत होतं आणि उघडलं नाही. बेल पुन्हा वाजली नाही. थोड्या वेळाने जिना उतरणाऱ्या चपलांचा आवाज आला. त्यानंतर अ‍ॅलिस जिन्यात तिची चाहूल लागली की लिफ्टने जायची.

त्यानंतरच्या महिन्यांत तिने वाहतुकीचा परवाना असलेल्या कंपनीत अर्ज केला. त्यांना मिनीबससाठी बाई ड्रायव्हर हवी होती. बसचं लायसन्स काढताना ती पार्किंगमध्ये एकदा नापास झाली, गुडघा आखडला म्हणून दुसऱ्यांदा नापास झाली, मग पास झाली. काम मिळालं. एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या नर्सेसना शारजातून दुबईला न्यायचं. युनिफॉर्म, विमा, परवाना, सगळं नियमात.

पहिल्याच आठवड्यात सकाळी ती अल नहदाच्या त्याच बसस्टॉपवरून गेली. रांग वळणापर्यंत होती. मरियमबी मधोमध उभी होती. अ‍ॅलिसने बस हळू केली तशी मरियमबीने हात वर केला. मग तिने बसच्या बाजूवरचं हॉस्पिटलचं नाव वाचलं असावं, किंवा रांगेतल्या कोणाकडून कळलं असावं की ही आपली बस नाही. तिने हात खाली घेतला. काचेमागचा चेहरा तिला दिसला नसावा. अ‍ॅलिसच्या मागे निम्म्या सीट रिकाम्या होत्या.

त्याच दिवशी तिने सुपरवायझरला विचारलं, "सर, वाटेत एखाद्या बाईला घेतलं तर?"

"परमिट फक्त हॉस्पिटल स्टाफचं आहे, अ‍ॅलिस. कॅमेरा आहे, जीपीएस आहे. विचारूसुद्धा नकोस."

संध्याकाळी ती एक मजला उतरली आणि मरियमबीच्या खोलीचं दार वाजवलं. खोलीत आणखी तिघी राहायच्या, त्या कामावर होत्या. मरियमबीने पलंगावरचे कपडे बाजूला सारले.

अ‍ॅलिस बसली आणि जे इतके महिने साठलं होतं तेच आधी बाहेर आलं. "तुम्ही खोटं बोलला असतात तर माझी गाडी वाचली असती."

"वाचली असती."

"मग?"

"मग काय? तुजी गाडी गेली, तेची मला लाज वाटते. खरं बोलले, तेची नाय वाटत. दोन्ही एकदम मनात कशी राहतात, ता मला इचारू नको."

अ‍ॅलिसने खाली पाहिलं. "ईदला मी दार उघडलं नाही."

"ठाव हाय. दाराखालून तुजी सावली दिसत होती."

मग मरियमबीने आपलं सांगितलं. तिसरा लेट मार्क लागला. कंपनीने काढलं नाही, पण दुपारच्या शिफ्टला टाकणार आहेत, पुढच्या महिन्यापासून. जाताना बस रिकामी मिळेल. येताना मात्र रात्र होणार. सुजाता अल कुसैसला गेली, एका खोलीत आठ जणींत बेडस्पेस, म्हणजे फक्त एक खाट, भाड्याने घेऊन. बाकीच्यांपैकी एक गावी परतली. जेनिसने बसवाल्यांच्या ॲपवर सकाळच्या फेऱ्या वाढवा म्हणून लिहिलं होतं. सूचनेची नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं होतं. अ‍ॅलिसने ते सांगितल्यावर मरियमबी म्हणाली, "इन्शाल्ला."

मग तिने विचारलं, "सकाळी ती हॉस्पिटलची बस चालवत होती ती तूच काय?"

"हो."

"मला वाटलाच. अशी हळू कोन करतंय बस? आनि मागं जागा रिकामी होती?"

"होती," अ‍ॅलिस म्हणाली.

मरियमबीने समजल्यासारखी मान डोलावली आणि चहाचं पाणी ठेवायला उठली.