माझं सेकंडहँड ट्रम्पेट

आमच्या घराण्यात आजवर फुंकर घातली गेली ती फक्त चुलीला आणि भाजलेल्या बोटाला. तरीही कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बँड उभा राहत होता आणि "ट्रम्पेट कुणाला येतं?" असा प्रश्न आला, तेव्हा हात वर गेला तो माझा! (गिटारवाला दिसायला बरा होता. एवढंच कारण. पुढे कळलं, त्यालाही गिटार येत नव्हती.)

माझं गाव मलकापूर. इंजिनीअरिंगसाठी कोल्हापुरात मामाकडे राहते. वाद्यांच्या दुकानात गेले, नव्या ट्रम्पेटची किंमत विचारली आणि मग हळूच ते ठेवायच्या नुसत्या पेटीची विचारली. माझ्याजवळच्या पैशांत त्या पेटीचं हँडल आलं असतं!

"सेकंडहँड बघू की!" मामा म्हणाला. "मी येतो संगं. पितळ माझ्याइतकं कोण वळखतंय?"

मामा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेल्या दत्तूमास्तरांकडे आम्ही गेलो. मामाने ट्रम्पेट बोटाने टकटक वाजवलं, हातावर जोखलं आणि विचारलं, "मास्तर, किलोचा भाव काय?"

"पावणं, घागर न्हाय ती!" मास्तर कडाडले आणि त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावलं. काय सूर! समोरच्या दोन्ही गॅलऱ्या भरल्या. माझे डोळे भरले. मामाही विरघळला.

"झ्याक वाजतंय की! घे!"

वाजत होतं खरं. पण ते मास्तर वाजवतायत, ही बारीकशी गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही.

घरी आठवडाभर नुसतं फुस्स! ओठ असे सुजले की मामीने विचारलं, "गांधीलमाशी चावली काय गं?" खरं कारण कळल्यावर तिला माझी दया आली. मी कॉलेजला गेल्यावर तिने ट्रम्पेटचं जे जे सुटतंय ते सोडवलं, चिंच लावून राखेनं घासलं आणि गच्चीवर उन्हात वाळत घातलं.

"बघ, कसं देवाच्या तांब्यागत झालंय!"

लखलखत होतं, खोटं कशाला बोलू? फक्त तिन्ही बटणं दाबली की आत जायची आणि तिथंच राहायची.

"मामी, आत तेल होतं ना?"

"व्हय की! लई चिकट्ट हुतं. सगळं काढलं!"

मग मामातला कारागीर जागा झाला. "बटणं अर्धा सूत घासून बारीक करून आणतो," म्हणत तो ट्रम्पेट फौंड्रीत घेऊन गेला. परत आणलं तेव्हा बटणं सायकलच्या पंपासारखी खालीवर होत होती. हवाही पंपासारखीच जात होती, पुढून थोडी, बाजूनं बक्कळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीव तोडून फुंकलं. आणि आवाज आला!

"भ्वांऽऽय!"

पाचव्या मिनिटाला शेजारचे बाबू गवळी बादली घेऊन दारात हजर. मी ट्रम्पेट पाठीमागं लपवलं.

"कुणी काढला त्यो आवाज?"

"चुकून आला, काका. परत नाही—"

"न्हाय कसं? काढ की परत!"

त्यांच्या म्हशीचं रेडकू दगावलं होतं. तेव्हापासून ती पान्हा सोडत नव्हती. माझा सूर ऐकून तिला वाटलं, आपलं रेडकूच हाक मारतंय! मी पुन्हा फुंकलं, तर गोठ्यातून धारांचा आवाज. रसिकानं दाद द्यावी तर अशी, बादलीभर! त्या दिवसापासून आमच्या घरी रोज अर्धा लिटर दूध फुकट. मामी खूश.

कॉलेजच्या तालमीत मात्र म्हैस नव्हती. माझा पहिलाच सूर ऐकून गिटारवाल्यानं हात जोडले. "तू सूत्रसंचालन कर ना, प्लीज."

हे मात्र झोंबलं. तशीच दत्तूमास्तरांकडे गेले. ट्रम्पेट बघून मास्तर मटकन खाली बसले.

"कुणी केलं हे?"

"मामीनं घासलं. मामानं कातलं."

"आणि तू?"

"मी फुंकलं."

"म्हंजे कुणी काय बाकी ठेवलं न्हाय!"

पण माणूस मनानं मोठा. त्यांनी दुसऱ्या मोडक्या ट्रम्पेटमधली बटणं शोधून बसवली आणि मला शिकवायला घेतलं. तीन महिन्यांनी माझा पहिला स्वच्छ, गोल, खणखणीत सूर लागला! दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मी मोठ्या अभिमानानं गोठ्याच्या दिशेनं सोडला.

शांतता. मग लाथेचा आवाज. मग बादलीचा.

बाबू गवळी तणतणत आले. "काय पोरी, बिघडलीस की! आधी कसं झ्याक वाजवत हुतीस!"

मामीनंही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नापास झालेय.

आता मी रोज सकाळी बेसूर वाजवायचा रियाज करते. मास्तर म्हणतात, त्याला काही शिकवणी नको, ते तुझं उपजतच आहे!