घण उगारलेला माणूस

गल्लीत त्याला सगळे निवांत म्हणायचे. खरं नाव कागदावर होतं, ते कागदालाच ठाऊक. बायको बांधकामावर विटा वाहायची आणि हा दारात बसून रस्त्यावर लक्ष ठेवायचा. इतक्या वर्षांत रस्ता कुठं पळून गेला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

चौकात कष्टकऱ्याचा पुतळा बसवायचं ठरलं. घण उगारलेला माणूस. मूर्तिकाराने समोर उभं करायला आधी खरेखुरे दगडफोडे बोलावले. पण त्यांची खोड अशी, की वर गेलेला घण खाली आणल्याशिवाय त्यांना चैन पडेना. एकाने स्टूल फोडलं, दुसऱ्याने फरशी. लाकडाचा पोकळ घण दिला, तोही त्यांनी आपटला. मग कुणीतरी निवांतला नेऊन उभं केलं. त्याने घण वर धरला, तो वरच राहिला. जेवणाची वेळ टळली तरी वरच.

"मामा, तुम्ही देवमाणूस आहात," मूर्तिकार म्हणाला.

निवांत घरी आला. "मी कामाला लागलो," त्याने बायकोला सांगितलं.

"कसलं काम?"

"उभं राहायचं."

"आणि?"

"आणि काय? उभंच राहायचं."

"मग काम कधी सुरू होणार?"

हे त्याला झोंबलं. हिच्याच तोंडून 'काम करतात' असं म्हणवून घ्यायचं, असा त्याने पण केला.

मातीचा पुतळा खांद्यापर्यंत झकास उतरला आणि हातांपाशी अडला. मूर्तिकाराने निवांतचे तळवे उलटेपालटे करून पाहिले.

"मामा, हे चालायचे नाहीत. चौकातून जाणारा चेहरा बघत नाही, घण धरलेले हात बघतो. हात खोटे वाटले की सगळा माणूस खोटा. मला दुसरं कुणी शोधावं लागेल."

निवांतने दोन दिवस तळवे भिंतीवर घासले. फोड तेवढे आले. चहाचा कपसुद्धा बायकोला त्याच्या तोंडाला लावावा लागला.

"भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं?" तिने विचारलं.

सांगावंच लागलं. ती हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं.

"हात माझे घ्या म्हणावं," ती म्हणाली.

दांडा मुठीत देऊन मूर्तिकाराने तिच्या हातांवर प्लास्टर थापलं. साचा बघून मातीत तो ते मोठे करणार होता.

"मामी, हलू नका हं."

"हलतेय कुठं," ती म्हणाली, आणि बसल्या जागी तिला झोप लागली. नाकावरची माशी निवांत वारीत राहिला.

उद्घाटनाला पाहुणे बोलले, "या हातांकडे बघा. या पुरुषाने जन्मभर घाम गाळलाय." मागं गल्लीतल्या चौघांना एकदम खोकला आला.

विटा वाहणाऱ्या जोडीदारणीने बायकोला ढोसलं. "अगं, हात तर तुझे. बाकीचं कुणाचं?"

"आमच्या घरातलंच."

निवांत पुढं सरकला. "मग? केलं की नाही काम?"

बायकोने पुतळा खालून वरपर्यंत पाहिला. "खांदे चांगले आहेत. इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता. उद्या घेऊन या बांधकामावर."

दुसऱ्या दिवशी तो गेला. चार पाट्या वाहिल्या. पाचवी डोक्यावर असताना मुकादमाने बायकोला विचारलं, "हे कोण?"

"आमचे मालक," ती म्हणाली. "काम करतात."

निवांतने पाटी हळूच खाली ठेवली, टॉवेल झटकला आणि घरी गेला.