पहिली ज्योत साहेबांची

संस्थान गेलं, मध्य भारत झाला, पण आमच्या बाबांच्या कमरेला ती खबर पोचलीच नव्हती. कुणीही साहेब दिसला की ती आपली वाकायची. बाबा ग्वाल्हेरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत. दरबारच्या वेळचे कोणते मास्तर ठेवायचे नि कोणते घरी पाठवायचे, हे ठरवायला इंदूरहून एक साहेब येणार होते. ते एक धडा पाहणार आणि रिपोर्ट लिहिणार. बाबांनी हायड्रोजन निवडला.

आठ दिवस मागच्या पडवीत तालीम चालली. बाटलीत जस्त, त्यावर सौम्य तेजाब, की बुडबुडे सुटायचे. सुरुवातीला नळीतून हायड्रोजनबरोबर बाटलीतली हवाही येते. तेव्हा काडी लावली तर बाटलीच फुटते. हवा निघून गेली की तोच वायू शहाण्यासारखा जळतो, आणि ज्योतीवर थंड ताटली धरली की पाण्याचे थेंब जमतात. मी काडी उचलली रे उचलली की बाबा खेकसायचे, "थांब गं कार्टे, हवा निघू दे आधी!" ह्याच वायूनं तेलाचं वनस्पती तूप होतं, उद्या गाड्यासुद्धा पळतील, असं ते अभिमानानं सांगत. आई त्या तुपाला घराचा उंबरा ओलांडू देत नसे, ती गोष्ट वेगळी.

धड्याच्या दिवशी आम्हा घरच्यांनाही बोलावलं होतं. पहिली ज्योत पेटवायचा मान साहेबांचा, असं बाबांनीच ठरवलेलं. चांदीच्या तबकात विडा आणि शेजारी काडेपेटी! बाबांनी बाटलीत तेजाब ओतलं मात्र, साहेबांनी काडी ओढली. "क्यों मास्टरसाहब, शुरू करें?"

बाबांचा हात अडवायला अर्धा वर गेला. तिथून तो नमस्काराला वळला. "जी हुज़ूर."

बाटलीच्या ठिकऱ्या झाल्या. साहेबांची एक भुवई गेली, कोटाला भोकं पडली.

"आपको मालूम नहीं था?"

"ग़लती हुई, सरकार," बाबा म्हणाले.

मला साहेबांचा राग आला नाही. बाबांचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट घरी आला. 'शिक्षक को हाइड्रोजन का प्राथमिक ज्ञान नहीं है।' खाली हरकत लिहायला चांगली चार ओळींची जागा होती. मी म्हटलं, "बाबा, लिहा ना खरं काय ते."

"साहेबांचं लिहिणं आपण खोटं पाडायचं?" असं म्हणून त्यांनी दौत जवळ ओढली, त्या चार ओळींच्या जागेत वळणदार अक्षरात 'मंज़ूर' लिहिलं, आणि सही करून नोकरी देऊन टाकली.