सासूबाईंचं 'बघू'

समुद्रकाठी येऊन समुद्राकडे पाठ करून बसणारी बाई मी एकच पाहिली. माझ्या सासूबाई. स्कॉटलंडमधल्या एका एवढ्याशा गावात आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी दोन आठवडे घर भाड्याने घेतलं होतं. आम्ही मोठ्या खिडकीतून पाणी बघायचो आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून लसूण सोलायच्या. "काय बघायचं त्याच्यात? नुसतं हालतंय. पिकत काय नाय."

नाशिकजवळ मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा. फुलबाजारात दोघा-चौघांशी वाद घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. इथे पाचला दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार ओढलं की आपोआप कुलूप लागायचं, म्हणून एकट्याने बाहेर पडायची त्यांना धास्ती. "भांडावं म्हटलं तर मानूस नाय. लय साफसूफ कोंडवाडा हाय हा," त्या म्हणाल्या तेव्हा मी हसले. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कुणाला तोंडावर नकार देणं त्यांना जमत नसे. त्या 'बघू' म्हणत. मळा मागायला आलेला बिल्डर तीन वेळा 'बघू' ऐकून गेला आणि चौथ्यांदा फिरकलाच नाही. सगळ्या शिवाराला हे ठाऊक होतं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा संदीप, मात्र बारा वर्षं परदेशात राहून ते विसरला होता.

"आई, सुट्टीनंतरही आमच्याकडे दिवाळीपर्यंत राहा ना," तो म्हणाला.

"बघू," त्या म्हणाल्या.

पठ्ठ्याने त्याच दुपारी त्यांचं परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि जेवताना मोठ्या खुशीत सांगितलं. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. दसऱ्याचा झेंडू आषाढात लावायचा असतो. रोपं वाफ्यात तयार होती आणि लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकही दसऱ्याचा बाजार चुकवला नव्हता.

त्या 'बघू'चा अर्थ मला पहिल्या क्षणी कळला होता. तरी मी गप्प बसले. सप्टेंबरात माझी नोकरी सुरू होणार होती आणि दोन वर्षांच्या इराला सांभाळायला कुणी नव्हतं. त्या परक्या देशात मीही पुरती अडकले होते. मला घरात आपलं माणूस हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वाळूत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "तुला ठावं व्हतं ना?"

"हो."

"मंग बोलली का नाय?"

मी सगळं सांगून टाकलं. नोकरी, इरा, एकटेपण. सांगताना रडू आलं. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं.

"हे आधी सांगायचं ना, पोरी. ईचारलं असतं तर झेंडू गेला असता खड्ड्यात, राहिले असते मी. न ईचारता कोंडलं का मला?"

संध्याकाळी मी संदीपला 'बघू'चा अर्थ सांगितला. तो खूप ओशाळला. चौथ्या दिवसाचं तिकीट मिळालं. त्या वर्षी त्यांचा झेंडू दणकून आला म्हणे.

नंतर त्या कधीच आमच्याकडे आल्या नाहीत. गेल्या पौषात त्या गेल्या.

विमानतळावर आत जाण्याआधी त्या थांबल्या होत्या. पिशवी खाली ठेवून, माझ्याकडे बघत, चांगली दोन मिनिटं. "आई, राहता का माझ्यासाठी?" एवढंच विचारायचं होतं. मी खाली वाकून इराच्या बुटाची नाडी बांधत राहिले.