पाटीवरचं दुसरं नाव

धाड गावात 'डॉक्टरसाहेब' म्हटलं की डॉक्टर रमाकांतच. हाताला गुण असलेला माणूस अशी त्यांची ख्याती, आणि ती त्यांनाही मनातून आवडायची, उगाच खोटं कशाला बोला! गंमत एवढीच, की गावभर सुया टोचणारा हा गृहस्थ स्वतः सुईला लहान पोरासारखा घाबरायचा. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

मध्यंतरी त्यांनी डॉक्टर रुबिनाला करार करून पगारावर ठेवलं. शकूरभाई गादीवाल्यांची ही लेक, याच दवाखान्याच्या बाकावर तापाने फणफणत बसून लहानाची मोठी झालेली. डॉक्टर होऊन ती परत गावात आली, याचं साहेबांना केवढं कौतुक! आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि आपल्यामागे दवाखान्याला कुलूप लागेल या विचाराने झोप उडाली होती. म्हणून बुलढाण्याच्या वकिलाकडून त्यांनी नवा करारनामा करून आणला. पगाराची भानगड संपली, दवाखाना दोघांचा, निम्मा-निम्मा.

रुबिनाने कागद नीट वाचला आणि सही न करता टेबलावर ठेवला.

"सर, कागदावर होईन मी भागीदार. पण तुम्ही जेवायला गेलात, की पेशंट बाकावर बसून तुमचीच वाट बघतात. जालन्याच्या हॉस्पिटलने बोलावलंय, महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. माझ्याकडे कोणी येणारच नसेल, तर नुसत्या खुर्चीचं मी काय करू?"

पोरगी म्हणत होती ते खरंच होतं. जनकाबाईंचंच घ्या. खोकून खोकून जीव जायची वेळ आली तरी त्या बाकावरून हलायच्या नाहीत. कंपाउंडर शालिग्राम म्हणायचा, "आत मॅडम बसल्या आहेत, जा ना." त्यावर जनकाबाई म्हणायच्या, "बसू दे बापा तिले. मले साहेबच पाह्यजे."

मग साहेबांनी एक शक्कल लढवली. उजवा हात झोळीत अडकवून ते दारात उभे राहिले आणि हात मुरगळल्याचं सांगून सगळ्यांना रुबिनाकडे पाठवू लागले. पण गेलं कोण? उलट कोणी हळदीचा लेप आणला, कोणी तेल आणलं. जनकाबाई म्हणाल्या, "तुमचा हात बरा होऊ द्या साहेब. माहा खोकला कुठी पळून जाते?" संध्याकाळी पत्नी शैलजाबाईंनी बाकावरच्या सगळ्यांदेखत झोळी ओढून काढली आणि साहेबांना चांगलंच फैलावर घेतलं. रुबिना तर दोन दिवस धड बोलली नाही.

तरी साहेबांची हौस फिटेना. सहीचा पत्ता नसताना त्यांनी दोघांच्या नावांची पत्र्याची पाटी रंगवून घेतली आणि नेमकी बाजाराच्या दिवशी, बाकं गच्च भरलेली असताना, स्वतःच स्टुलावर चढून लावायला घेतली. शालिग्राम नको नको म्हणत राहिला. पाटी निसटली, साहेबांनी ती झेलली आणि पत्र्याची धार तळहातात घुसली.

"आता अजून काऊन नाटक करून राह्यले साहेब?" जनकाबाई हसल्या. मग रक्त दिसलं आणि एकच गलका झाला.

"जीप आणा! बुलढाण्याले न्या, मोठ्या डॉक्टरकडं!"

जीप आली. टाके पडणार म्हणजे सुई आलीच, या विचाराने साहेब पांढरेफटक पडले होते. त्यांनी एक पाय जीपमध्ये टाकलासुद्धा. तेवढ्यात त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. रुबिना हातमोजे चढवून उभी होती. आज आपण या जीपमध्ये बसलो तर ही पोरगी जालन्याला जाणार, हे साहेबांना लख्ख कळलं. त्यांनी पाय खाली घेतला.

"कशाला बुलढाणा?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझी डॉक्टर इथंच आहे."

आणि ते आत जाऊन पेशंटच्या स्टुलावर बसले. दार लावू द्यायला कोणी तयार नव्हतं. अख्खा बाजार खिडकीत गोळा झाला. साहेबांनी डोळे घट्ट मिटले.

"सर, आज बाजारातून काय आणायचं?" रुबिनाने विचारलं.

"मेथी, शेवगा... शैलजाने आणखी काहीतरी सांगितलं होतं बघ..."

"झालं. सुई टोचली."

साहेबांनी डोळे उघडले. अरे, हा तर त्यांचाच डाव! लहान रुबिनाला सुई देताना तेही असंच बाजाराचं विचारायचे. त्यांना हसू फुटलं, हसता हसता डोळे भरून आले, आणि टाके कधी पडले ते कळलंच नाही.

"दुखलं काय हो साहेब?" जनकाबाईंनी खिडकीतून विचारलं.

"आईशप्पथ, नाही."

जनकाबाईंनी पदर सावरला आणि मॅडमकडे पहिला नंबर लावला.

संध्याकाळी रुबिनाने सही केली. साहेबांचा उजवा हात बांधलेला, त्यामुळे त्यांची सही राहिली. "तोवर दवाखाना माझ्या एकटीचा," असं ती चिडवायची आणि साहेब खूश व्हायचे.

टाके निघाल्यावर त्यांनी ऐटीत सही ठोकली, खुर्चीत बसले आणि घंटी वाजवली. जनकाबाईंनी दारातून डोकावून पाहिलं.

"मॅडम नाई आल्या का अजून?"

"येईल थोड्या वेळात. या ना, मी बघतो."

"नाई, राहू द्या. येऊ द्या तिले. मले घाई नाई." आणि त्या जाऊन बाकावर बसल्या.

साहेबांनी शालिग्रामला दोन चहा सांगितले, एक जनकाबाईंना, एक स्वतःला, आणि तेही बाकावर त्यांच्याशेजारी रुबिनाची वाट बघत बसले.