डायरेक्ट केलेला गीझर

लहानपणी आमच्याकडे पाणी रॉडवर तापायचं. पर्वत पाटिया नाक्याच्या मागे एका खोलीत आम्ही राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, कापडाच्या लूमवर कामाला जायचे आणि आई घरी साड्यांना टिकल्या लावायची. जर्मनच्या बादलीवर आडवी काठी, काठीला रॉड आणि बादलीपाशी पुस्तक घेऊन बसलेली मी. उकळी फुटायच्या आत आईला हाक मारायची, हे माझं काम. एकदा बटण चालू असतानाच आईने पाण्यात हात घातला आणि ती फेकली जाऊन भिंतीवर आदळली. घरमालक म्हणाला, तुमच्या बाईला अक्कल नाही. त्या खोलीत अर्थिंगची तार ओढलेलीच नव्हती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मी इलेक्ट्रिकलला होते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली. सर फळ्यावर अर्थिंग शिकवत होते आणि मी बाकावर दात आवळून बसले होते.

इच्छापोरच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर आम्ही भाड्याचा फ्लॅट घेतला. त्यात गीझर होता. गेल्या हिवाळ्यात तो बंद पडला, तर नव्या घरमालकाने आपला वायरमन पाठवला. मी कामावर होते. परत आले तेव्हा आई खूश होती, पाणी आधीपेक्षा कडक येतंय म्हणाली. त्याच आठवड्यात तिच्या मनगटावर फोड आले. नळ सोडला आणि पाण्याआधी वाफच अंगावर आली होती.

पाणी तापलं की गीझरवरचा लाल दिवा विझायला हवा. मी समोर उभी राहून वाट पाहिली. विझेना. आत टाकी खदखदत होती. मेन स्विच पाडला, टेस्टर लावून पाहिला आणि खालचं झाकण खोललं. पाणी तापलं की करंट बंद करणारा थर्मोस्टॅट आत नव्हता. तो बिघडलाच तर करंट तोडणारा कटआउटही नव्हता. दोन्हींच्या तारा एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती.

वायरमनला फोन केला. "डायरेक्ट करी दीधुं छे, बेन. हवे बगडशे ज नहीं." थेट जोडून दिलाय, आता बिघडणारच नाही, असं सांगत होता; आवाज असा, की उपकारच केलेत. टाकी फुटली असती असं मी म्हटलं, तर हसला. कॉलेजात भीती शिकवतात, काम शिकवत नाहीत, म्हणाला. मग मालकाला लावला. त्याने शांतपणे विचारलं, "पहले तो तुम लोग रॉड पे नहाते थे ना? तब कुछ फटा था?" मग मीच नवे बसवते, असं सांगून मी फोन ठेवला.

त्याच्या स्वतःच्या घरच्या गीझरला थर्मोस्टॅट असणार, हे मी पैजेवर सांगते. डायरेक्ट फक्त आमच्यासारख्यांचं होतं.

पण खरा राग मला घरातच आला. मी नवा थर्मोस्टॅट आणि कटआउट घेऊन आले, तर दादांनी पेचकस हातात धरून ठेवला. "ऱ्हाऊ दे. उद्या त्यानी घर खाली कर म्हनं तं कोठे जासूत?"

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. लूमच्या पट्ट्यावरची जाळी शेठने काढून टाकली होती, कामात आडवी येते म्हणून. त्या पट्ट्यात दादांच्या बोटाचं टोक गेलं. तिथे धागा तुटला की लूम थांबवणारा खटकाही तारेने बांधून ठेवायचे. लूम थांबता कामा नये. माणसाचं काय व्हायचं ते होवो.

"दादा, तुमची जाळी काढली तेव्हाही तुम्ही ऱ्हाऊ दे म्हटलं होतं का?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, दे तिले. दादांनी पेचकस माझ्या हातात ठेवला आणि टॉर्च घेऊन स्टुलाजवळ उभे राहिले.

काम अवघड नव्हतं, म्हणूनच जास्त चीड आली. टेप सोडवली, जळकी टोकं कापली. थर्मोस्टॅटची दांडी तिच्या नळीत सारली. फेज आधी कटआउटमधून, मग थर्मोस्टॅटमधून, मग कॉइलला. न्यूट्रल सरळ कॉइलला. अर्थिंगची तार टाकीच्या बोल्टला. प्रत्येक स्क्रू आवळून तार ओढून पाहिली. तो वायरमन थोडा वेळ जास्त थांबला असता तर एवढंच करायचं होतं.

झाकण लावत होते तेवढ्यात मालकाचा फोन आला, दादांच्या मोबाईलवर. माझ्या गीझरला विचारल्याशिवाय हात कोणी लावला, असं काहीतरी. आवाज मला स्टुलावर ऐकू येत होता. मी फोन मागितला. दादांनी दिला नाही.

"सेठ, मेरी बेटी ने लगाया है. अब इसको कोई हाथ नहीं लगाएगा."

पलीकडून बराच वेळ बडबड चालू होती. दादांनी फोन ठेवला. घर खाली करायला लावलं तर, असं आईने विचारलं. लाऊ दे, म्हणाले.

मेन स्विच चढवला. लाल दिवा लागला. आम्ही तिघं बाथरूमच्या दारात उभे राहिलो. मग टक् असा आवाज आला आणि दिवा आपोआप विझला.

मालकाने घर खाली करायला लावलं नाही. आई आता बटण दाबून भाजी निवडायला जाते. आमच्या घरात पाणी राखायला आता कोणी बसत नाही.