डाकोटाचे रिवेट

“जपून हं, हे एकच आहे,” म्हणत सप्रेकाकूंनी खोका माझ्या टेबलावर ठेवला. आत डाकोटा विमानाचं किट होतं. किट म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग. ते चिकटवायचे आणि रंगवायचे. त्यांच्या मुलानं परदेशातून पाठवलेलं, पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी बनारसला मिश्राजींच्या वर्कशॉपमध्ये मॉडेल मेकर होते. धरणं, इमारती, कॉलन्या अशी मॉडेल्स आम्ही करायचो. विमान पहिल्यांदाच आलं होतं.

रामघाटावरचे सप्रेकाका हवाई दलात फिटर होते. डाकोटाचे पत्रे रिवेटनं, म्हणजे गोल डोक्याच्या खिळ्यांनी, जोडून दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते; काकूंचा हात धरून तेही आले होते.

“मंदा, रिवेट बुजवू नकोस. मला बोटांनी बघायचंय,” ते म्हणाले.

“आणि मला डोळ्यांनी,” काकू म्हणाल्या. “जन्मभर ह्या विमानाचं पुराण ऐकलं, दर्शन काही झालं नाही. चांदीसारखं चमकू दे.”

पंचाईत इथेच होती. रंगाआधी प्राइमर मारतात, म्हणजे अस्तर. प्राइमर प्लास्टिकला धरतो आणि रंग प्राइमरला. पण चंदेरी रंग भारी चुगलखोर. खालचा एकूण एक ओरखडा दाखवतो. म्हणून त्याखाली प्राइमर जाड मारून ओरखडे भरून घेतात. आणि जाड मारला, की खसखशीएवढे रिवेट बुडालेच.

“गाड़ीवाला प्राइमर मार दो, एक कोट में छुट्टी,” मिश्राजी म्हणाले.

“सर, प्लास्टिक गल जाएगा.”

“तो पहले फ्रेम पर मारके देखो.”

सल्ला चोख होता. किटचे भाग ज्या चौकटीला लटकून येतात, ती शेवटी फेकायचीच असते. तिच्यावर मोटारींचा स्प्रे मारला. प्लास्टिक सायीसारखं सुरकुतलं. दुसरा डबा पांढरा, सौम्य, पण फार दाट. तिसरा करडा होता. पातळ बसला आणि करड्यावर दोषही चटकन दिसतात. तोच घेतला. ओरखडे प्राइमरनं भरायचेच नाहीत, आधीच बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासून काढायचे, असं ठरवलं.

त्यात मे महिना. लू, म्हणजे तिकडचा गरम वारा, सुटली की स्प्रेचे थेंब हवेतच सुकतात आणि मॉडेलवर रेतीसारखे बसतात. म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत, धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारून काम केलं. स्प्रे विमानाच्या बाहेर सुरू करायचा, हात न थांबवता पुढे न्यायचा, बाहेरच बंद करायचा. नुसतं धुकं बसलं पाहिजे.

ते करडं विमान घेऊन रामघाटावर गेले. काकांनी हात धुतले, पुसले आणि नाकापासून बोटं फिरवायला सुरुवात केली. विमानाच्या पोटाखाली थांबले.

“इथली ओळ गेली.”

तिथे दोन भागांचा सांधा होता. तो घासताना रिवेटही घासले गेले होते. “पेट में कौन झाँकता है?” असं मिश्राजी म्हणालेही होते.

काका रागावले नाहीत. “इथंच मी आत आडवा पडायचो, लोखंडी ठोकळा दाबून धरत. बाहेरून जोडीदार रिवेट ठोकायची गन चालवायचा. एकमेकांचं तोंड दिसत नसे. थांब म्हणतोय की चल, ते ठोक्यावरून ओळखायचं.”

मी परत आले. सुईच्या टोकानं गोंदाचे थेंब ठेवत ओळ पुन्हा उभी केली. वर प्राइमरचा आणखी एक विरळ हात, त्यावर चंदेरी, तोही विरळ.

पुढच्या खेपेला काकांची बोटं थेट पोटाखाली गेली.

“कुणी बसवले?”

“मी.”

“हात सरळ आहे तुझा. आमच्या शेडमध्ये निभावली असतीस.”

मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं.

काकूंनी विमान खिडकीशी नेलं. बराच वेळ बघत राहिल्या. “अहो, हे इतकं देखणं होतं? तुम्ही नुसते रिवेटच सांगत बसलात!”

“मी पोटात होतो ना,” काका हसले. “बाहेरून कसं दिसतं, ते आता तू सांग.”

काकू शेजारी बसल्या आणि सांगू लागल्या. मी चपला घातल्या.

प्राइमर निवडताना लोक डबा बघतात. मी तेव्हापासून आधी गिऱ्हाइकालाच विचारते, मॉडेल कपाटात राहणार की हातात?